टर्मिनलवरून ओळखीच्या माणसापर्यंत डेटाचा प्रवाह: पाठवायचा कसा, घ्यायचा कसा

जात्यावरच्या ओव्यांचं एक तासाचं रेकॉर्डिंग सीडीच्या दर्जात, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ केलं, तर फाईल सुमारे ६३५ एमबीची होते. घरच्या लाइनचा अपलोड वेग २ एमबीपीएस असेल तर ती उदगीरहून अंबाजोगाईला पोचायला पाऊण तासाच्या आसपास लागतो. नांदेड-हिंगोलीकडच्या तांड्यांवरची गोरबोली, छत्रपती संभाजीनगरातली दखनी, परभणीकडची भारुडं असं काही जमा करणाऱ्या माणसाकडे अशा शेकडो फाईली असतात. त्या दुसऱ्या गावच्या सोबत्याकडे एक सेकंदही न कापता, नावं न बदलता, मध्ये कुणाला न वाचता येईल अशा पोचवायच्या कशा, ते या लेखात आहे.

आधी एक सरळ गोष्ट. तुमच्याकडे एकच फाईल असेल आणि ती २ जीबीच्या आत बसत असेल, तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून टाका. ती जशीच्या तशी जाते आणि काम संपतं. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करवून घ्यायच्या खिडकीची, गरज पुढे लागते: फाईली शेकड्यांनी असतात, डिस्कवर दुसरी प्रत ठेवायला जागा नसते, रोज रात्री तेच काम करायचं असतं, किंवा रेकॉर्डिंग चालू असतानाच ते पलीकडे ऐकायचं असतं.

लिहिण्याची पद्धत सांगून ठेवतो. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. फोल्डरचं नाव मात्र ‘ओव्या’ असं खरंच मराठीत ठेवता येतं, लिनक्सला त्याची काही अडचण नाही. नावात मोकळी जागा असेल तर नाव अवतरणचिन्हांत घाला.

फाईल आणि प्रवाह

युनिक्समधल्या, म्हणजे लिनक्स जिच्यावर बेतलं त्या प्रणालीतल्या, जवळपास प्रत्येक आज्ञेला एक आत येणारा आणि एक बाहेर जाणारा मार्ग असतो. एका आज्ञेचं बाहेर पडणारं दुसरीच्या आत सोडायचं, ही कल्पना बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांची. केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये बसवली. कीबोर्डवरची उभी रेघ म्हणजे तोच पाइप. आपल्याला एवढंच करायचं आहे की पाइपचं एक टोक आपल्या मशीनवर राहील आणि दुसरं ओळखीच्या माणसाच्या मशीनवर.

हे साधणारी साधनं पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीच चांगली आहेत. पण साधन निवडण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर ठरवून ठेवा: पलीकडे बसलेलं मशीन आपल्याच माणसाचं आहे, हे तुम्हाला कशावरून कळणार? माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि लोक नेमकी हीच ओलांडून पुढे जातात.

एकाच हॉटस्पॉटवर: नेटकॅट

दोघं एकाच खोलीत असाल तर सगळ्यांत साधा मार्ग नेटकॅटचा. हे साधन १९९५ पासून आहे. एका फोनचा हॉटस्पॉट चालू करा आणि दोन्ही लॅपटॉप त्याला जोडा. दोन लॅपटॉपांमधला डेटा फोनमार्गेच फिरतो, तो मोबाइल पॅकमधून कापला जात नाही. रेंज नसलेल्या शिवारातही बहुतेक फोनांवर हे चालतं.

घेणाऱ्याने आधी बसायचं, हा नियम लक्षात ठेवा. घेणाऱ्याने आपला पत्ता पाहावा:

आयपी ए

त्यात सहसा १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसेल. मग त्याने ऐकत बसावं (‘एनसी’ म्हणजे नेटकॅट, ९००० हा पोर्ट, म्हणजे मशीनच्या दाराचा नंबर, आणि ‘टार’ म्हणजे फोल्डरचं गाठोडं बांधणारी-सोडणारी आज्ञा):

एनसी -एल ९००० | टार -एक्सएफ -

आता पाठवणाऱ्याने, पत्ता १९२.१६८.४३.२१ आहे असं धरून:

टार -सीएफ - ओव्या | एनसी -एन १९२.१६८.४३.२१ ९०००

इथे ‘-एन’ मधलं अक्षर मोठं आहे. पाठवणं संपलं की जोडणी बंद कर, असा त्याचा अर्थ. ते नसलं तर काम झाल्यावरही दोन्ही पडदे तसेच थांबून राहतात आणि संपलं की अडकलं तेच कळत नाही. टारनंतरची एकटी आडवी रेघ म्हणजे ‘फाईलमध्ये नको, प्रवाहात दे’. त्यामुळे पाठवणाऱ्याच्या डिस्कवर एका बाइटचीही जादा प्रत होत नाही.

नेटकॅटचे दोन-तीन अवतार चालू आहेत. वरच्या आज्ञा ओपनबीएसडी अवताराच्या. डेबियन किंवा उबुंटूवर जुना, ‘ट्रॅडिशनल’ अवतार असेल तर ऐकताना ‘-एल -पी ९०००’ असं लिहावं लागतं आणि मोठ्या ‘-एन’ च्या जागी ‘-क्यू ०’ येतं. आज्ञा चुकीची वाटली तर आधी ‘मॅन एनसी’, म्हणजे त्या आज्ञेची माहितीपुस्तिका, उघडून आपला अवतार कोणता ते बघा.

नेटकॅट काहीही गुप्त ठेवत नाही आणि कुणालाही ओळखत नाही. त्या पोर्टवर जो पहिला येईल त्याचं ते ऐकतं. स्वतःच्या हॉटस्पॉटवर, समोरासमोर बसून वापरा. कॉलेजच्या किंवा लॉजच्या वायफायवर वापरू नका.

पोचलेलं शाबूत आहे का हे पाहायला पाठवण्याआधीच फोल्डरमध्ये जाऊन ठसे, म्हणजे प्रत्येक फाईलच्या आतल्या डेटावरून निघणारे खुणेचे आकडे, काढून ठेवा:

शा२५६सम *.डब्ल्यूएव्ही > ठसे

ही ‘ठसे’ फाईलही सोबत जाईल. घेणाऱ्याने त्याच फोल्डरमध्ये ‘शा२५६सम -सी ठसे’ म्हटलं की प्रत्येक फाईलसमोर बरोबर की चूक ते उमटतं. ही सवय पुढच्या सगळ्या पद्धतींनाही लागू आहे.

दोन गावं असतील तेव्हा अडतं कुठे

उदगीरहून अंबाजोगाईला हाच नेटकॅट चालत नाही. घरातल्या मशीनचा १९२.१६८ वाला पत्ता घरापुरताच असतो. मोबाइल नेटवर तर कंपनीही एकच सार्वजनिक पत्ता असंख्य ग्राहकांत वाटते. अशा वाटपासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये वेगळे राखून ठेवले गेले. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता या पट्ट्यातला दिसला, तर बाहेरून तुमच्या दारापर्यंत थेट कुणी येऊ शकत नाही, राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी.

म्हणून दोघांनीही घरातून बाहेर पडून मधल्या एका सर्व्हरवर भेटावं लागतं. आणि मधला सर्व्हर आला की प्रश्न येतो, त्याला आपलं बोलणं ऐकू येऊ नये यासाठी काय करायचं?

फोनवर कोड सांगा: मॅजिक वर्महोल

यावरचं मला सर्वांत आवडलेलं उत्तर ब्रायन वॉर्नर यांनी लिहिलेल्या मॅजिक वर्महोलचं आहे. २०१६ च्या पायकॉन या पायथॉनवाल्यांच्या परिषदेत त्यांनी ते मांडलं. डेबियन-उबुंटूवर ते थेट मिळतं:

सुडो एपीटी इन्स्टॉल मॅजिक-वर्महोल

पाठवणाऱ्याने म्हणायचं:

वर्महोल सेंड ओव्या

पडद्यावर एक छोटा कोड येतो: एक आकडा आणि दोन इंग्रजी शब्द, ‘७-क्रॉसओव्हर-क्लॉकवर्क’ अशा धाटणीचा. आता पलीकडच्या सोबत्याला, आपल्या उदाहरणात अंबाजोगाईच्या ताईला, फोन लावा.

“ताई, पाठवायलो बघ. उघडून बसलीस का?”

“हाव, बसले. सांग कोड.”

ताईने ‘वर्महोल रिसीव्ह’ म्हणायचं आणि विचारल्यावर कोड टाइप करायचा. एखादा शब्द अर्धा लिहून टॅब दाबला की उरलेला आपोआप भरतो, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगची धास्ती नको.

कोडमधला आकडा फक्त भेटायची जागा सांगतो. गुपित त्या दोन शब्दांत असतं. हे शब्द पीजीपी या मजकूर कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीतले आहेत. फोनवर एकातून दुसरा ऐकू येऊ नये अशा बेताने ती यादी केलेली आहे. दोन्ही जागी २५६ पर्याय, म्हणजे एकूण ६५,५३६ जोड्या. हा आकडा लहान वाटेल, पण चोराला सगळ्या जोड्या लावून पाहता येत नाहीत. स्पेक-२ नावाच्या पद्धतीमुळे एका कोडवर एकच प्रयत्न होतो. तो चुकला की कोड बाद होतो आणि तुम्हाला लगेच कळतं. मधल्या सर्व्हरला ते दोन शब्द कधी दिसत नाहीत आणि त्यांतून तयार झालेली किल्लीही मिळत नाही. दोन मशीनची थेट गाठ पडली तर फाईल थेट जाते, नाही तर रिलेमार्गे, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, पण कुलूपबंद अवस्थेतच.

म्हणूनच कोड फोनवर सांगा असं मी आग्रहाने म्हणतो. ताईचा आवाज तुम्ही ओळखता, आणि तीच या सगळ्या व्यवहारातली खरी ओळखपरेड. कोड एखाद्या पन्नास जणांच्या गटात टाकला तर जो आधी टाइप करेल त्याच्याकडे फाईल जाईल, आणि गणित त्यात काहीच करू शकणार नाही. रुग्णाची माहिती, शेतीची कागदपत्रं असं नाजूक काही असेल तर दोघांनीही आपापल्या आज्ञेला ‘--व्हेरिफाय’ जोडा. दोन्ही पडद्यांवर अक्षरांची एक ओळ येते. ती एकमेकांना वाचून दाखवा, जुळली तरच पुढे जा. शब्द वाढवायचे असतील तर ‘--कोड-लेंग्थ ४’.

वर्महोलची एक मर्यादा आपल्याकडे फार जाणवते: मध्येच लाइन तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. तिथे झॅक शॉल यांचं क्रॉक कामी येतं. ‘क्रॉक सेंड ओव्या’ म्हणून पाठवा. घेणाऱ्याने नुसतं ‘क्रॉक’ लिहून एंटर करावं आणि विचारल्यावर कोड द्यावा. तुटलं तर राहिलेल्या ठिकाणापासून पुढे चालतं. क्रॉकमध्ये पाइपनेही डेटा सोडता येतो, पण ते आधी सगळं तात्पुरत्या फाईलमध्ये उतरवून घेतं आणि मग पाठवतं. डिस्क भरलेली असेल तर हे ध्यानात ठेवा.

नेहमीचा सोबती असेल तर: एसएसएच

महिन्यातून एकदा कोड सांगणं ठीक आहे. रोजचं देणंघेणं असेल तर कायमची ओळख करून ठेवावी. त्यासाठी एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर कुलूपबंद वाटेने आज्ञा चालवायचं साधन. त्यात पाइप पूर्णपणे पाइपच राहतो आणि त्यामुळे त्याची ताकद वेगळी आहे.

मागचीच अडचण इथेही आहे, दोन्ही घरं बंद दाराआड. म्हणून एक छोटा भाड्याचा सर्व्हर लागतो. त्याला ‘चौक’ म्हणू. गावातल्या चौकासारखा तो फक्त भेटायला, घरातलं काही तिथे ठेवायचं नाही. ताईच्या मशीनवर एसएसएचचा सर्व्हर चालू असावा आणि तिने चौकापर्यंत उलटी वाट मोकळी करून ठेवावी:

एसएसएच -एन -आर २२२२:लोकलहोस्ट:२२ चौक

एन आणि आर दोन्ही मोठे. चौकावरचं २२२२ पोर्ट आता ताईच्या घरच्या २२ वर येतं. बाहेरच्या जगाला ते दिसत नाही, फक्त चौकाच्या आतून दिसतं, आणि तसंच राहू द्या. लाइन वारंवार जात असेल तर हीच आज्ञा ‘ऑटोएसएसएच’ ने चालवा, ते पुन्हा पुन्हा जोडून घेतं.

आपल्या बाजूला घरच्या फोल्डरमधल्या ‘.एसएसएच/कॉन्फिग’ या फाईलमध्ये नाव नोंदवायचं. फोनमधल्या काँटॅक्ट लिस्टचं काम ही फाईल करते:

होस्ट ताई
होस्टनेम लोकलहोस्ट
पोर्ट २२२२
यूजर (ताईच्या मशीनवरचं खात्याचं नाव)
प्रॉक्सीजंप चौक
होस्टकीएलियस ताई

चौकाचीही अशीच वेगळी नोंद करा, त्यात त्याचा खरा पत्ता येईल. प्रॉक्सीजंपमुळे कुलूप तुमच्या मशीनवर लागतं आणि ताईच्या मशीनवरच उघडतं, चौकाला आत डोकावता येत नाही. शेवटची ओळ गाळू नका. उद्या चौकाच्या २२२३ वर परभणीचा मित्रही आला, तर त्या ओळीमुळे प्रत्येकाच्या मशीनचा ठसा त्याच्या नावावर वेगळा नोंदला जातो.

आता किल्ली. ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ ने जोडी तयार करा. ‘.पब’ ने संपणारी फाईल ताईला द्या, ती आपल्या ‘ऑथराइज्ड_कीज’ मध्ये एक ओळ म्हणून ठेवेल. दुसरी फाईल कुणालाही, कधीही द्यायची नाही.

पहिल्यांदा ‘एसएसएच ताई’ म्हणताच मशीन एक लांब ठसा दाखवून विचारतं: पुढे जाऊ का? इथे बहुतेक जण डोळे मिटून ‘यस’ लिहितात. तसं करू नका. ताईला तिच्या मशीनवर हे चालवायला सांगा:

एसएसएच-कीजेन -एलएफ /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब

आलेला ठसा तिने नेहमीच्या चॅटवर पाठवावा. २०१९ च्या ओपनएसएसएच ८.० पासून ‘यस’ च्या जागी तो ठसाच चिकटवता येतो. जुळला तरच जोडणी होते. चिकटवण्याआधी फोन करून पहिली आणि शेवटची काही अक्षरं तिच्या तोंडून ऐका, लहान-मोठ्या अक्षरांसकट. हे एकदाच करायचं असतं. पुढे कधी ठसा बदलल्याची सूचना आली तर आधी ताईला विचारा, मशीन नव्याने बसवलं का. उत्तर ‘नाही’ आलं तर तिथेच थांबा.

मग मजा सुरू होते. पाठवायचं असेल तर:

टार -सीएफ - ओव्या | एसएसएच ताई 'टार -एक्सएफ - -सी संग्रह'

शेवटचा सी मोठा, म्हणजे ‘त्या फोल्डरात जाऊन उघड’. आणायचं असेल तर दिशा उलटी:

एसएसएच ताई 'टार -सीएफ - ओव्या' | टार -एक्सएफ -

मध्ये ‘पीव्ही’ घातला की किती गेलं, किती वेगाने, ते दिसत राहतं. ‘पीव्ही -एल २००के’, मोठ्या एलसह, म्हटलं तर वेगाला लगाम बसतो. घरात कुणाचा ऑनलाइन क्लास चालू असेल तर हा लगाम जरूर लावा.

आकुंचनाबद्दल (कॉम्प्रेशन) माझं मत स्पष्ट आहे. ध्वनीच्या कच्च्या फाईलींवर जीझिप फारसं काही करत नाही, जेपीजी फोटोंवर तर काहीच नाही. ध्वनीसाठी फ्लॅक वापरा. त्यात आवाजाचा एकही नमुना (सॅम्पल) गळत नाही आणि आकार बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येतो:

फ्लॅक -सी ओवी१.डब्ल्यूएव्ही | एसएसएच ताई 'कॅट > ओवी१.फ्लॅक'

एकच खबरदारी. पाइपमधली पहिली आज्ञा फसली तरी शेवटची नीट संपली, तर बॅश, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, सगळं ठीक असल्याचं सांगतं. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहा. नाही तर अर्धवट संग्रह पोचेल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

बोलणं चालू असतानाच पाठवणं

एखादी आजी गातेय आणि अंबाजोगाईला बसलेल्या ताईला ते त्याच वेळी ऐकून शब्द टिपून घ्यायचे आहेत. एसएसएच तयार असेल तर एवढंच करायचं:

एरेकॉर्ड -एफ सीडी | टी -पी आज.डब्ल्यूएव्ही | एसएसएच ताई एप्ले

एरेकॉर्ड माइकमधून घेतं, टी एक प्रत आपल्या डिस्कवर ठेवतं आणि दुसरी पुढे सोडतं, ताईच्या मशीनवर एप्ले ते वाजवतं. यातला ‘-पी’ जीव आहे. तो नसेल आणि मध्येच नेट गेलं, तर पुढचा पाइप तुटताच टी बंद पडतं, आणि गाणं चालू असताना आपलं रेकॉर्डिंगही थांबतं. ‘-पी’ असलं की पाइप तुटला तरी डिस्कवरची प्रत लिहिली जात राहते. मात्र नेट गेल्यावर एसएसएच लगेच बंद न पडता अडकून राहिलं, तर तेवढा वेळ लिहिणंही अडू शकतं. म्हाताऱ्या माणसाकडून एक ओवी दुसऱ्यांदा तशीच मिळेल याची खात्री नसते, म्हणून या दोन खुणांना मी फार जपतो. मैदानात जाण्याआधी घरी एकदा मुद्दाम नेट बंद करून बघा, फाईल वाढत राहते ना.

सीडीच्या दर्जाला अखंड १.४ एमबीपीएस लागतात. रेंज तेवढी नसेल तर ‘-एफ सीडी’ च्या जागी ‘-एफ एस१६_एलई -आर १६००० -सी १’ लिहा, यात एस, एलई ही अक्षरं मोठी. मग २५६ केबीपीएसमध्ये भागतं. शब्द टिपायला हे पुरेसं असतं, जतन करायला नाही. त्यामुळे जतनाची प्रत वेगळ्या रेकॉर्डरवर पूर्ण दर्जात चालू ठेवा आणि रात्री पाठवा.

वीज जाते तिथे: आरसिंक

रात्रीच्या पाठवणीसाठी टारचा पाइप मी सुचवणार नाही. लॅपटॉपला बॅटरी असते, पण वीज गेली की राउटर विझतो आणि प्रवाह तुटतो. फोनच्या हॉटस्पॉटवर गेलात तर पत्ताच बदलतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचं १९९६ पासूनचं आरसिंक अशा वेळी धीराने काम करतं:

आरसिंक -एपी ओव्या/ ताई:संग्रह/

पी मोठा. त्यामुळे अर्धवट आलेली फाईल टाकून दिली जात नाही आणि प्रगती दिसत राहते. तुटलं की तीच आज्ञा पुन्हा द्या, पोचलेल्या फाईली ते वगळतं. ‘ओव्या’ नंतरची तिरकी रेघ ठेवली तर आतल्या फाईली जातात, काढली तर ‘ओव्या’ हे फोल्डरच संग्रहात जाऊन बसतं. एकदा ठेवायची, एकदा काढायची असं केलंत तर तिकडे दोन संग्रह होतील.

लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप घ्या, एफ-ड्रॉइड या ॲप-भांडारावरून. ‘पीकेजी इन्स्टॉल ओपनएसएसएच आरसिंक क्रॉक’ म्हटलं की वरचं बहुतेक सगळं फोनवरून होतं. फक्त फोनवरचा एसएसएच सर्व्हर २२ ऐवजी ८०२२ वर ऐकतो, उलट्या वाटेच्या आज्ञेत तो आकडा बदला. पाठवणी सुरू करण्याआधी ‘टर्मक्स-वेक-लॉक’ द्या, नाही तर पडदा काळा झाल्यावर अँड्रॉइड काम थांबवू शकतं.

आणि सोबत्याने लॅपटॉप विकला, फोन हरवला किंवा काम सोडलं, की त्याच दिवशी ‘ऑथराइज्ड_कीज’ मधली त्याची ओळ पुसा, दोन्हीकडच्या मशीनवरून आणि चौकावरूनही. त्यासाठी प्रत्येक ओळीच्या शेवटी कुणाची किल्ली, कोणत्या मशीनची, ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.